वाफ आहे पण दम नाही: छोट्या लिव्हर मशीनवरच्या दुधाचं एक प्रकरण

मावसबहिणीची, म्हणजे आमच्या ताईची तक्रार अशी होती की घरच्या एस्प्रेसो मशीनवर कॉफीसाठी दूध फेसाळताना पहिल्या कपाला दुधावर नुसते मोठमोठे बुडबुडे येतात आणि दूध कोमटच राहतं, दुसऱ्या कपाला वाफ इतकी जोरात सुटते की दूध पिचरबाहेर (म्हणजे फेसाळायच्या चोचीच्या भांड्याबाहेर) उडतं आणि मग मध्येच वाफेचा जीव जातो. चव दोन्ही कपांना पाणचट. मशीन घरगुती लिव्हरचं, बॉयलर ८०० मिलीचा, हीटर १००० वॅटचा, स्प्रिंग नाही, लिव्हर हातानंच दाबायचा. वाँडच्या, म्हणजे दुधात वाफ सोडणाऱ्या नळीच्या, टिपेला तीन भोकं. बॉयलरवर प्रेशर गेज होतं हे एक बरं होतं, पुढचं सगळं त्या काट्यावरूनच कळत गेलं.

ताईनं उपाय कमी केले नव्हते. फुल फॅट दूध, कमी फॅटचं दूध, वेगवेगळ्या कंपन्यांचं दूध, सगळं करून झालं, नवा पिचर आला आणि तोही चांगला मोठा ६०० मिलीचा, व्हिडिओ तर इतके बघितले होते की टिप कुठे धरायची, पिचर किती तिरका करायचा हे तीच मला समजावून सांगत होती. आणि तिचा हात वाईट नव्हताच. गोची अशी की ते व्हिडिओ बहुतेक कॅफेतल्या मशीनवरचे असतात, तिथे बॉयलर कित्येक लिटरचा, हीटर काही किलोवॅटचा, वाफ संपणार हा प्रश्नच नाही, त्यामुळे सगळी चर्चा हातावर चालते. छोट्या लिव्हरवर आधी वाफेचा हिशोब बघायचा आणि मग हात, कारण या मशीनवर दूध बिघडतं ते बऱ्याचदा टिप दुधात जायच्या आधीच ठरलेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिला म्हटलं, ताई, मी मध्ये बोलणार नाही, तू रोज करतेस तसंच कर.

तिनं बॉयलर गळ्यापर्यंत भरला, पाणी संपून हीटर जळायला नको म्हणून. झाकण घट्ट लावलं, स्विच ऑन. काटा चढत चढत ०.८ बारवर आला, हीटरचा दिवा विझला, आणि मशीन तयार झालं असं समजून तिनं कॉफी काढली. कॉफी काढता काढता सहज म्हणाली की पहिली कॉफी जरा आंबटच येते रोज, म्हणजे तिच्या दृष्टीनं तो वेगळाच विषय होता. मग वाँड सरळ दुधात बुडवला आणि व्हॉल्व्ह उघडला. भसाभसा बुडबुडे आले, दोन-तीन सेकंदांत काटा शून्याजवळ, आणि त्यानंतर मिनिटभर नुसती गुरगुर. आधी वाँड जरा मोकळा का सोडत नाहीस विचारलं तर म्हणाली, "एवढीशी तर वाफ आहे, ती पण वाया घालवू?"

इथेच निम्मं प्रकरण उलगडलं. कुकरला जसं आधी वाफ नीट येऊ देऊन मग शिट्टी ठेवतात, कारण आतली हवा निघून गेल्याशिवाय त्या दाबाला अर्थ नसतो, तेच इथे. थंड बॉयलरचं झाकण लावताना पाण्याच्या वर हवा असते आणि तिला बाहेर जायला वाटच नसते. तापल्यावर ती हवा पण दाब देते, पाणी फुगून तिला आणखी दाबतं, आणि गेज बिचारं हवा आणि वाफ दोघांचा मिळून दाब दाखवतं. बाहेरच्या हवेचा दाब (साधारण १ बार) धरला तर गेजवरचे ०.८ म्हणजे एकूण १.८ बार. त्यातले ढोबळ १.२ बार नुसत्या अडकलेल्या हवेचे असले तर वाफेच्या वाट्याला उरले ०.६, आणि वाफेचा दाब ०.६ बार म्हणजे पाणी जेमतेम ८५ डिग्री. शुद्ध वाफ असती तर त्याच ०.८ ला पाणी ११७ डिग्रीला असतं. म्हणजे काटा तोच, दिवाही विझलेला, आणि आत पाणी उकळलेलंसुद्धा नाही! मग कॉफी आंबट येणारच, एवढ्या कोमट पाण्यात ती पूर्ण उतरत नाही.

दुधाचं नुकसान तर दुप्पट होतं. वाफ दुधात शिरली की थंड होऊन तिचं पाणी होतं, ती नाहीशीच होते, फक्त उष्णता आणि धक्का देऊन जाते. हवेचं तसं होत नाही, ती बुडबुडा बनून वरच येणार. म्हणजे ताई टिप कितीही बरोबर जागी धरो, पहिले दोन सेकंद ती दुधात चक्क हवा फुंकत होती. हाताची चूक शोधत बसली असती तर वर्षभर सापडली नसती.

उपाय एका मिनिटाचा आहे. काटा पहिल्यांदा वर आला की वाँड एखाद्या रिकाम्या मगात किंवा जाड ओल्या फडक्यात धरून व्हॉल्व्ह उघडायचा, फुसफुस आणि शिंतोडे थांबून सलग वाफ यायला लागेपर्यंत उघडा ठेवायचा, काटा पडतो तो पडू द्यायचा, मग बंद करून पुन्हा वर येऊ द्यायचा. दुसऱ्यांदा वर आलेलं प्रेशर खरं. काही लोक मशीन चालू करतानाच व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवतात आणि वाफ यायला लागली की बंद करतात, तेही चालतं, फक्त तेव्हा तिथून हलायचं नाही. (आणि हे सांगायची गरज नसावी पण सांगतो, हवा काढायची म्हणून बॉयलरचं झाकण सैल करायचा विचार प्रेशर असताना मनातही आणू नका.)

हवा काढली आणि पहिली कॉफी सुधारली, पण दूध? पहिला कप आता दुसऱ्या कपासारखा वागायला लागला. जोरात सुरुवात, दूध ओट्यावर, आणि सात-आठ सेकंदांत दम संपला. शिवाय वाँडमधून अधूनमधून पाण्याचे थेंब थुंकल्यासारखे येत होते.

थुंकण्याचं कारण सोपं, ते गळ्यापर्यंत भरलेलं पाणी. वाफ गोळा व्हायला वर मोकळी जागा लागते, ती नसली की व्हॉल्व्ह उघडल्या उघडल्या उकळतं पाणीच वाफेबरोबर वर ओढलं जातं. हे किती होतंय ते बघायला मी एक साधी गोष्ट केली जी सगळ्यांनी करून बघावी असं मला वाटतं. दुधासकट पिचरचं वजन आधी आणि नंतर. १५० ग्रॅम दूध फ्रिजमधल्या ५ डिग्रीवरून ६० डिग्रीला न्यायला साधारण ३२ किलोज्युल लागतात, आणि एक ग्रॅम कोरडी वाफ दुधात विरून थंड होताना साधारण अडीच किलोज्युल देते, म्हणजे १३ ग्रॅमच्या आसपास वाफ पुरते. एवढं पाणी दुधात जाणारच, कुठल्याही मशीनवर जाणार, नऊ-दहा टक्के पातळ होणं हे गृहीतच आहे. ताईच्या पिचरचं वजन २२ ग्रॅमनी वाढलं होतं आणि दूध ६० च्याही खाली होतं. जास्तीचं ते सगळं बॉयलरचं पाणी, आणि त्या पाण्यात उष्णता वाफेच्या मानानं काहीच नसते, एका ग्रॅममागे दहावा हिस्सासुद्धा नाही. पाणचट चवीचं उत्तर वजनकाट्यावर मिळालं. पाणी बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत तीन चतुर्थांशच्या वर न्यायचं नाही असं ठरलं, दोन कपांना तेवढं आरामात पुरतं, आणि दुधात घालण्याआधी वाँड क्षणभर मोकळा सोडायचा म्हणजे नळीत साचलेलं पाणी निघून जातं. थुंकणं गेलं.

दम संपण्याचं मात्र तसंच राहिलं. यावर दाजींचं उत्तर तयार होतं, प्रेशरस्टॅटचा (ठरल्या दाबाला हीटर बंद-चालू करणारा स्विच) स्क्रू फिरवून १.२ बार करून टाकू. स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊनच बसले होते म्हणा ना.

मी त्यांना थांबवलं, आणि त्याचं कारण या मशीनच्या स्वभावात आहे. आकिले गाज्जियानं दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या सुमारास लिव्हरची मशीनं बाजारात आणली त्याआधी एस्प्रेसो बॉयलरच्या वाफेच्या दाबावरच निघायची, दीड बारच्या आतबाहेर. लिव्हरनं तो दाब कितीतरी पट वाढवला आणि वाफ कॉफीपासून सुटली, पण छोट्या घरगुती लिव्हरमध्ये ती पूर्ण सुटलेली नाही. एकच बॉयलर, त्यातलंच पाणी ग्रुपमध्ये, म्हणजे कॉफी निघते त्या भागात, येतं, त्यातलीच वाफ वाँडला जाते. प्रेशर १.२ केलं तर पाणी १२३ डिग्रीला, ग्रुप भाजून निघणार, कॉफी कडू. आणि मिळणार काय, तर ६०० ग्रॅम पाणी सहा डिग्री जास्त गरम, म्हणजे फार तर ७ ग्रॅम वाफेचा जास्तीचा साठा. कॉफीचा बळी देऊन सात ग्रॅम. दाजी म्हणाले, "सात तर सात!" पण स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

खरा मुद्दा वाफ किती आहे हा नाहीच, किती वेगानं बाहेर जातेय हा आहे. १००० वॅटचा हीटर सेकंदाला साधारण ०.४५ ग्रॅम वाफ बनवू शकतो, त्याच्या वर एक मिलिग्रॅम नाही. एका दीड मिलिमीटरच्या भोकातून या दाबाला सेकंदाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वाफ जाते, थोडी कमीच. तीन भोकं म्हणजे सव्वा ते दीड ग्रॅम. म्हणजे खर्च कमाईच्या तिप्पट. वरचा फरक कुठून येतो, तर पाण्यात साठलेल्या उष्णतेतून, पाणी ११७ वरून ११० ला आलं की साधारण ८ ग्रॅम वाफ सुटते, आणि तोपर्यंत काटा ०.८ वरून ०.४ वर आलेला असतो. हे व्हायला लागतात सात-आठ सेकंद. ताई जे रोज भोगत होती ते तंतोतंत हेच. पहिल्या सेकंदाला मशीन मोठ्या कॅफेसारखा जोर दाखवतं, त्यात दूध उडतं, आणि जेव्हा दूध फिरवायला जोर हवा तेव्हा तो उरलेला नसतो.

मग लाकडी टूथपिक घेऊन तीनपैकी दोन भोकांत घट्ट बसवून कडेला मोडल्या. दिसायला जुगाड वाटतो पण लिव्हरवाल्यांमध्ये हा जुना आणि चांगला प्रकार आहे, लाकूड ओलं होऊन फुगतं आणि बसून राहतं. (तरी पहिल्यांदा वाफ सोडताना टिप रिकाम्या मगाच्या आत धरा, निसटली तर डोळ्यात नको.) एक भोक आधीच अर्धं बुजलेलं निघालं, वाळलेल्या दुधानं, त्याचं पुढे सांगतो.

फरक लगेच दिसला. उडणं बंद. काटा ०.८ वरून हळूहळू ०.६ च्या आसपास आला आणि दूध होईपर्यंत तिथेच घुटमळत राहिला. वेळ वाढला, आधी दहा-बारा सेकंदांत जे व्हायचं (किंवा व्हायचं नाही) त्याला आता अर्धं मिनिट लागायला लागलं, पण सुरुवातीला आणि शेवटी वाफ जवळपास सारखीच. आणि एक बारकावा सांगतो, हीटर कधी चालू होतो ते बघा. दिवा विझलेला असताना सुरू केलं तर पहिली काही सेकंदं तुम्ही नुसत्या साठ्यावर चालता, प्रेशरस्टॅट खालच्या टोकाला पोचल्यावर हीटर लागतो. त्यापेक्षा वाँड मोकळा सोडताना तो थोडा जास्त वेळ सोडायचा, दिवा लागला की लगेच दुधात. म्हणजे खर्च आणि कमाई एकदमच सुरू.

आता कुठे हाताचा विषय निघाला. पिचर ६०० मिलीचा आणि दूध १५० मिली, तळाशी इतकं उथळ की टिप एक तर तळाला टेकते नाही तर वर उघडी पडते, मधली जागाच नाही. तिचा जुना ३५० मिलीचा पिचर कपाटात होताच, तो काढला, दूध बरोबर खालच्या फुगीर भागापर्यंत आलं. टिप मधोमध न ठेवता कडेच्या थोडं जवळ, पिचर जरा तिरका, टिपेचं तोंड दुधाच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली. एका भोकाच्या वाफेत दूध आपोआप गरगर फिरत नाही, फिरायची जागा शोधावी लागते, पिचर केसभर इकडे तिकडे करत. सापडली की दुधाचा वरचा थर एका बाजूला ओढला जाऊन आत शिरायला लागतो.

आवाजावर जा. हवा थोडी थोडी आत जात असते तेव्हा चिरर्र, चिरर्र असा कागद फाटल्यासारखा बारीक आवाज येतो. फडफड करत मोठा आवाज आला तर टिप फार वर आहे. कर्कश किंचाळल्यासारखा आवाज आला तर टिप फार खोल, हवा जातच नाहीये आणि दूध नुसतं तापतंय. ताईला ही गोष्ट माहीत होती पण आधी वाफच इतकी चंचल की आवाज ऐकून हात हलवेपर्यंत सगळं संपायचं. आता तिच्याकडे अर्धं मिनिट होतं. संथ वाफेचा हा फायदा फार कमी लोक बोलतात, चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो.

हवा घ्यायची ती पिचर हाताला ना थंड ना गरम लागेपर्यंत, म्हणजे ३५-३७ डिग्री. मग टिप अर्धा सेंटिमीटर खाली, आवाज बसतो, आणि उरलेला सगळा वेळ फक्त फिरवणं, आत घेतलेले बुडबुडे फुटून बारीक होतात ते इथेच. थर्मामीटरवर ५८ आलं की व्हॉल्व्ह बंद, आकडा दोन-तीन डिग्री पुढे जातोच. ७० च्या पुढे नेऊ नका, दुधातल्या निवळीच्या (व्हे) प्रथिनांचं रूप बदलायला लागतं, शिजलेल्या दुधाचा वास येतो आणि फेसही जाड होतो. दुधाच्या ब्रँडवर ताईनं घातलेला वेळ मला वाया गेलेला वाटतो, दूध ताजं असलं म्हणजे झालं. बरेच दिवस उघडं राहिलेल्या दुधात फॅट तुटून सुटी फॅटी ॲसिड होतात आणि ती फेस धरू देत नाहीत, तेवढं मात्र खरं आहे.

आता ते बुजलेलं भोक. वाफेचा दम गेल्यावर ताई टिप दुधातच ठेवून प्रेशर परत यायची वाट बघायची, व्हॉल्व्ह तसाच उघडा. नळीतली वाफ थंड होऊन तिचं पाणी झालं की आत पोकळी तयार होते आणि दूध वर ओढलं जातं, नळीत आणि नशीब वाईट असेल तर बॉयलरमध्ये. व्हॅक्युम ब्रेकर (आत पोकळी झाली की बाहेरची हवा घेणारी झडप) नसलेल्या मशीनमध्ये तर ही भीती जास्तच. टिप काढून नळीत गरम पाण्यानं ब्रश फिरवला तेव्हा पिवळट थर निघाला आणि त्याचा वास मी इथे वर्णन करत नाही. बॉयलरचं पाणी दोनदा पूर्ण बदललं. नियम इतकाच की वाफ मेली तर आधी टिप दुधाबाहेर, वाट बाहेर बघायची, आणि दूध झाल्यावर वाँड लगेच पुसून एकदा मोकळा सोडायचा. मशीन बंद केल्यावर प्रेशर शून्यावर आलं की ती वाँडचा व्हॉल्व्ह उघडा ठेवते, म्हणजे थंड होताना बॉयलर हवाच ओढतो, बाकी काही नाही. अर्थात तीच हवा सकाळी परत काढायची असते.

दुसऱ्या कपाचा क्रम ठरवताना थोडा वाद झाला. दाजींचं म्हणणं दोन्ही कपांचं दूध एकदम करू. ३०० ग्रॅम दुधाला २६ ग्रॅम वाफ लागते, या हीटरवर ते मिनिटभराचं काम, आणि इतक्या दुधाला एका भोकाची वाफ फिरवू शकत नाही, वरचं फेसाळतं आणि खालचं नुसतं तापतं. म्हणून आधी दोन्ही कॉफ्या, मग पहिलं दूध, काटा परत वर येईपर्यंत वीस-पंचवीस सेकंद थांबायचं (तेवढ्यात पहिला कप ओतून होतो), मग दुसरं दूध. आधी दूध आणि मग कॉफी असंही काही जण करतात, मला ते पटत नाही, थांबलेल्या कॉफीचं फार बिघडत नाही पण थांबलेल्या दुधाचा फेस आणि दूध वेगळं होतं आणि मग पिचर कितीही आपटला तरी ते पहिल्यासारखं एकजीव होत नाही.

टूथपिक काढून आता एका भोकाची टिप बसवली आहे, मापाची आटे जुळणारी मिळाली. पिचरचं वजन १३-१४ ग्रॅमनी वाढतं, कोरडी वाफ मिळतेय याचा तोच पुरावा. फेस बारीक आणि चकचकीत येतो, ओतताना पांढरा गोळा नीट उमटतो, फुलंबिलं ताईला येत नाहीत आणि तिला ती हवीतही असं नाही. तिसऱ्या-चौथ्या कपाला अजून अडचण आहे, पण ती दुधाची नाही, तोपर्यंत ग्रुप इतका तापलेला असतो की कॉफीच कडू येते. ओलं फडकं गुंडाळून तो थोडा थंड होतो. चार माणसं आली तर मशीन मध्ये बंद करून, प्रेशर उतरवून, पाणी भरून पुन्हा सुरू करावं लागतं, आणि पुन्हा सुरू केलं की हवा पुन्हा काढायची, हे दाजी दर वेळी विसरतात.